करून दाखव

४ मार्च, सोमवार

घरी बसून इतकी वर्षं झाली, तरी आपल्याला अजून कुणी विचारतं हे आज कळलं आणि अंगावर मूठभर मांस चढलं. सूनबाईच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. सूनबाईला जो थकव्याचा आजार आहे, त्याची माहिती देणारं एक पत्रक त्यांच्या दवाखान्यात वाटतात. ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. म्हणाल्या, "काका, तुम्ही कारखान्यात सूचनापत्रकं लिहायचात ना? हे जरा माणसांच्या भाषेत आणून द्या."

लिहायचो म्हणजे काय, जन्म त्यातच गेला. शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याचा पंप. खोकं उघडलं की वर घडी घातलेला कागद निघतो, तो माझा. लागलो होतो खोकी बांधायला. वाचायला-लिहायला माझं मीच शिकलो आणि खोक्याच्या बाहेरून आतल्या कागदापर्यंत पोचलो.

माझी पद्धत साधी. कागद लिहून झाला की ज्याने ते यंत्र जन्मात पाहिलं नाही त्याला समोर बसवायचं. बहुतेक वेळा आमची हीच असायची बिचारी. एकेक सूचना मोठ्याने वाचायची आणि म्हणायचं, "करून दाखव." बिनचूक केलं की त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीने 'पास'. अडखळली की ओळ पुन्हा लिहायची. यंत्र खोटं बोलत नाही. जमलं तर जागच्या जागी जमतं.

आता ही नाही. पण सूनबाई आहे. आणि आजारच तिचा, म्हणजे तपासायला घरातच माणूस. दुधात साखर.

६ मार्च, बुधवार

जुनं पत्रक वाचलं. देवा! "अल्पशा शारीरिक, बौद्धिक अथवा भावनिक श्रमानंतरही लक्षणे बळावू शकतात. ही वाढ तत्काळ न दिसता एक-दोन दिवसांनंतर दिसून येते. त्यामुळे आप्तांनी रुग्णाच्या त्या दिवशीच्या स्थितीवरून अनुमान काढू नये." आजारी माणूस हे वाचून आणखी आजारी पडायचा.

दुपारी सूनबाईकडे घेऊन गेलो. हल्ली ती पुष्कळ बरी आहे. मागच्या वर्षी नुसती पडून असायची. आता पडदा अर्धा ओढून खिडकीपाशी खुर्चीत बसते, न्हाणीघरात स्वतःची स्वतः जाते. शाळेच्या मोठ्या बाईंनी कळवलंय, सुट्टीनंतर दिवसाचा एकच तास, तोही बसून शिकवला तरी चालेल, जागा तुमचीच. तेव्हापासून पोरीच्या चेहऱ्यावर तेज आलंय. त्या एका तासासाठी ती ताकद अशी जपून ठेवते, की कुणी तूपसुद्धा इतकं जपून वाढत नसेल.

"या वाक्याचा अर्थ काय गं?" मी विचारलं.

"म्हणजे असं बाबा, की आज मी तुमच्याशी बोलतेय, हसतेय, ते सगळं उधारीवर. बिल परवा येतं."

"काय बोललीस! वा!" मला इतकं हसू आलं. तीही हसली. मग रंगलोच आम्ही. एकेक शब्द घ्यायचा, तिने अर्थ सांगायचा, मी लिहून घ्यायचा. मध्येच ती म्हणाली, "बाबा, आता बास?" म्हटलं, "एवढा परिच्छेद." मग पुढचाही झाला. चहा झाला तेव्हा कुठे उठलो. गणिताची मास्तरीण, पण भाषा काय सुरेख!

८ मार्च, शुक्रवार

सूनबाई आज उठली नाही. पडदा पूर्ण ओढलेला. सूप नेलं तर हातानेच नको म्हणाली. हवा बदललीय, तेच असणार.

आमचे चिरंजीव जेवताना म्हणाले, "शाळेचं नाव निघालं की हिचं पोट दुखायला लागतं. पहिलीतल्या पोरांसारखं." मी त्याला दटावलं. बोलताना मला हसू आलं, ते काही बरं झालं नाही. दार उघडंच होतं.

१२ मार्च, मंगळवार

पत्रक लिहून झालं. ताकदीला मी टाकीतलं पाणी म्हटलंय. तुमची टाकी लहान झालीय, सगळे नळ एकदम सोडू नका. आणि ते अवघड वाक्य असं केलं: "आज दमलात तर त्रास आजच दिसेल असं नाही. तो उद्या-परवा दिसतो. म्हणून बरं वाटत असतानाच थांबा." सूनबाईचं बिल घ्यावंसं वाटत होतं. पण बिल म्हटलं की माणूस घाबरतो. सूचनापत्रकाने घाबरवू नये, हा माझा नियम आहे.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या बोळात उभ्या उभ्या वाचलं. माझा दंड धरून म्हणाल्या, "काका, तुम्ही आधी कुठे होतात हो?" डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. त्या महिनाभर बाहेरगावी शिकायला चालल्यात. छपाईचं सगळं माझ्यावर सोपवलं.

पण तपासल्याशिवाय छापायचं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

सूनबाई पुन्हा खुर्चीत. लगेच कागद घेऊन गेलो.

"'अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा. मग बसा. थांबा. मग उभे राहा.' करून दाखव."

तिने करून दाखवलं. बिनचूक. 'थांबा' नंतर किती, ते लिहायला हवं असं वाटलं, म्हणून शब्द बदलून पुन्हा करायला लावलं. मग 'दात स्टुलावर बसून घासा'. मग 'केस बसून, कोपर टेकवून विंचरा'. मग 'आंघोळीनंतर अंग न पुसता पंचा गुंडाळून पडून राहा'. आंघोळ काही खरी करायला लावली नाही, नुसतं न्हाणीघरात जाऊन यायला सांगितलं.

स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, हे सगळं एकाच दिवशी करायचं नसतं. हेच तर लिहिलंय ना त्यात."

"अगं, पण तपासायला नको? तू काय कामं करतेयस थोडीच? तू तपासून देतेयस."

ती माझ्याकडे बघून हसली. भिंतीला धरून पलंगापर्यंत गेली. सगळ्या ओळी पास! ही असती तर पहिल्या झटक्यात एवढ्या ओळी तिलाही जमल्या नसत्या.

एकच ओळ राहिली. ती उद्या-परवाची. ती करून कशी दाखवणार?

१७ मार्च, रविवार

कशाने झालं कळत नाही. परवा तर किती छान होती! आज घड्याळाची टिकटिक सहन होत नाही म्हणाली. मी सेल काढून ठेवला. म्हटलं, पोरी, मन रमव कशात तरी, सारखा दुखण्याचाच विचार केला की असंच होतं. कपाळावर हात ठेवला तर तिने तो हळूच उचलून बाजूला ठेवला. लहानपणी आईविना वाढलेली, मायेची सवय नाही.

२१ मार्च, गुरुवार

छापखान्यात गेलो. एकच कागद, पाठपोट. मजकूर बसेना. अक्षर बारीक केलं तर हे लोक वाचणार कसे? दोन ओळींची जागा करायला हवी होती. त्यातून माझी शेवटची ओळ. माझ्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक धीराची ओळ असायची: "भिऊ नका, वापरत राहा. वापराने यंत्र मोकळं होतं." तिच्यामुळे बायका मशीनपाशी बसायच्या. मालकांनी त्या ओळीसाठी मला भर सभेत शाल दिली होती.

विचार केला, कुठली ओळ पास नाही? उद्या-परवाची. जी करून दाखवता येत नाही ती सूचनाच नव्हे. काढली. तिच्या जागी घातलं: "भिऊ नका. रोज थोडं थोडं वापरत राहा. वापराने अंग मोकळं होतं."

कसं चपखल बसलं! छापणारा म्हणाला, "आजोबा, हे वाचून मलाच हुशारी आली."

२७ मार्च, बुधवार

आज दवाखान्यात स्वतः हाताने पत्रकं वाटली. इतका मान मला कारखान्यातही मिळाला नव्हता. एका गृहस्थांनी तिथेच उभ्याने वाचलं आणि शेजारी मान खाली घालून बसलेल्या बायकोला म्हणाले, "बघ. किती सोपं आहे! मी दुसरं काय सांगत होतो?" एका मुलीच्या आईने चार प्रती जास्त घेतल्या. एक मुलीच्या खोलीत, एक वडलांना, एक आत्याला, एक शाळेत.

कोपऱ्यात काळा चष्मा लावलेली एक बाई बाकावर आडवी झाली होती. तिने कागद डोळ्यांपाशी धरून सावकाश वाचला.

"काका, हे आमच्यासाठी लिहिलंय की यांच्यासाठी?"

"सगळ्यांसाठी," मी म्हटलं.

तिने कागदाची घडी केली आणि तो मला परत दिला. मी तो शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याकडे दिला.

२९ मार्च, शुक्रवार

आज माझा जीव भांड्यात पडला. चिरंजीवांनी बायकोच्या दुखण्यात पहिल्यांदा लक्ष घातलं. पत्रक मागून घेतलं आणि तिच्या पलंगासमोर कपाटाच्या दारावर चिकटवलं. तिला झोपल्या जागेवरून दिसेल असं, मापात.

"आता सबब नाही," तो म्हणाला. "रोज स्वयंपाकघरापर्यंत चालायचं. रोज दोन पावलं जास्त."

सूनबाई म्हणाली, "डॉक्टरांनी हे नाही सांगितलेलं."

"डॉक्टरांचाच कागद आहे. लिहिलाय तुझ्या लाडक्या बाबांनी."

तिने डोळे बारीक करून वाचायला सुरुवात केली. शेवटापर्यंत गेली, परत वर आली.

"बाबा, ती ओळ?"

"कुठली गं?"

"बिलाची."

"जागा नव्हती गं पोरी."

"हं," ती म्हणाली. "जागा नव्हती." आणि उठली. कुशीवर वळून, बसून, थांबून, मग उभी. अगदी लिहिल्याप्रमाणे.

३ एप्रिल, बुधवार

काय दिवस गेला आजचा! दररोज चालण्याचा गुण आलाच. सूनबाई आज जिना उतरून फाटकापर्यंत आली. चिरंजीव मागे, मी पुढे. टाळ्या वाजवल्या मी. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, ही तर ठणठणीत आहे!" सूनबाई हसून हो म्हणाली. ओठ अगदी पांढरे पडले होते, ऊन लागलं असेल.

वर आल्यावर मीच सुचवलं, सुट्टीनंतर शाळा आहेच, एकदा तालीम होऊन जाऊ दे. मी विद्यार्थी झालो. ती खुर्चीत. अपूर्णांक शिकवले मला. एका कागदाचे तुकडे करत करत. आयुष्यात मला अपूर्णांक कळले नव्हते, ते आज कळले. मी म्हटलं, "बाई, मी बाहेर जाऊ का?" तर म्हणाली, "आधी छेद समान कर, मग जा." काय हसलो! शिकवताना तिचा आवाज वेगळाच येतो, खणखणीत. मला वाटलं, हीच खरी आमची सूनबाई. दुखणं हा मधला भ्रम.

शेवटी कागदाचे तुकडे गोळा करताना तिच्या हातातून सांडले. तिने उचलले नाहीत. म्हणाली, "बाबा, एक मागू? उद्यापासून माझ्याशी कुणी बोलू नका. त्यालाही सांगा. मला शाळेत तो एक तास हवाय. दुसरं काही नको."

इतक्या छान दिवसानंतर असं बोलणं मनाला लागलं. पण मी राग धरला नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

मान उचलता येत नाही म्हणते. चिरंजीव म्हणाला, "परवा जिना उतरणारी बाई आज मान उचलू शकत नाही? मला काय दूधखुळा समजते?" दोन्ही दंडांना धरून त्याने तिला बसवलं आणि हात सोडले. ती पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत गेली, एखादी उशी घसरावी तशी. आवाजसुद्धा केला नाही. आम्ही दोघांनी ओढून वर घेतलं. मनगट सुजलंय.

त्याचाही संयम सुटतो, माणूसच आहे तो. मी पलंगाशी बसलो आणि तिला धीर यावा म्हणून कपाटावरची शेवटची ओळ वाचून दाखवली. दोनदा. तिने उशी कानावर ओढायचा प्रयत्न केला. तो हात काही वर गेला नाही.

११ एप्रिल, गुरुवार

आता भांडं पलंगावरच द्यावं लागतं. एक बाई ठेवलीय सकाळ-संध्याकाळ. चांगली आहे, फक्त बडबड करते.

शाळेतून मोठ्या बाईंचा फोन आला. चिरंजीवांनी तिच्या खोलीत उभं राहूनच घेतला. "नाही, ती येणार नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा." मी खुणेने म्हटलं, तिला विचार तरी. तो म्हणाला, "विचारू काय? बोलते कुठे ती?"

खरं आहे. बोलत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेली असते. फोन चालू होता तेव्हा तिच्या पायाचा अंगठा हलला, तेवढंच. मी म्हटलं, जाऊ दे, डोक्यावरचा भार गेला. आता निवांत बरी होईल.

१६ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाई परत आल्या आणि थेट घरी आल्या. मला वाटलं, पत्रकाबद्दल शाबासकी द्यायला. त्यांनी दारातच चपला काढल्या, मला हाताने गप्प केलं आणि सूनबाईच्या खोलीत गेल्या. अंधारात तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. काही विचारलं नाही. बाहेर येताना कपाटावरचं पत्रक हलकेच सोलून काढलं.

स्वयंपाकघरात ते माझ्यासमोर ठेवलं. आवाज इतका खाली, की मला पुढे वाकावं लागलं.

"काका, मी पाहिलेल्या कागदात एक ओळ होती. उद्या-परवाची. ती कुठे गेली?"

"पानात बसत नव्हती."

"आणि ही शेवटची कुणी घातली?"

"ती माझी. ती सगळ्या पत्रकांना असते."

त्या स्टुलावर बसल्या. सूनबाई दात घासायला बसायची त्याच स्टुलावर. मग म्हणाल्या, "हिच्यासारखे आणखी आलेत. सगळ्यांच्या घरात हाच कागद लावलाय. चूक माझी. छापण्याआधी मी पुन्हा बघायला हवं होतं."

"अहो, एका ओळीचं काय मोठंसं," मी म्हटलं, "पुढच्या छपाईला घालतो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की काय सांगू. मग एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "तिच्या खोलीत उजेड नको. आवाज नको. कुणी बोलायचं नाही, वाचून दाखवायचं नाही. तिला ऐकणं हेही काम आहे. कधी उठेल, उठेल की नाही, मला सांगता येणार नाही."

त्या गेल्यावर मला वाईट वाटलं. इतकी मेहनत केली, पण आभाराचा एक शब्द नाही. मात्र त्यांचं म्हणणं अचूक होतं. तो त्यांचा गुण. 'ऐकणं हेही काम आहे.' केवढं मोठं वाक्य, आणि किती साधं!

१९ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस त्या ओळीमागे होतो. खाल्लेलं गोड लागेना. माझी शेवटची ओळ काढली. जड गेलं, पण काढली. अक्षर लहान न करता जागा केली. आणि आज दुपारी जमलं. आजवर लिहिलेल्यातलं सगळ्यात चांगलं:

"आजचा त्रास आज दिसत नाही, परवा दिसतो. म्हणून निजून राहा. अंधार करा. हलू नका, बोलू नका, ऐकूही नका. ऐकणं हेही काम आहे."

लहान मुलालाही समजेल असं. डॉक्टरीणबाईंना द्यायला निघालो आणि दारातच पाय थबकला. तपासलं नव्हतं. मागची चूक झाली ती कशाने? एक ओळ न तपासता राहिली म्हणून. ती पुन्हा करणार नाही. आणि तपासायला सूनबाईइतकं जाणतं माणूस दुसरं कोण?

सूनबाईच्या खोलीत गेलो. बाई नुकतीच निघून गेली होती, घर शांत होतं. अक्षर दिसेना म्हणून पलंगाशेजारचा दिवा लावला, त्यावर रुमाल टाकला. खुर्ची ओढून जवळ बसलो. अगदी हळू आवाजात वाचलं. नीट पोचलं की नाही कळेना, म्हणून डोळ्यांवरची पट्टी थोडी वर सरकवून पुन्हा वाचलं, सावकाश, शब्द सुटे करून. मग म्हटलं, "पोरी, करून दाखव."

ती हलली नाही. बोलली नाही. पापणीसुद्धा मिटून घट्ट धरली होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं, तेही तिने पुसलं नाही. हात जिथे होता तिथेच. मी वाट पाहिली, कुठे चुकते का. कुठेच चुकली नाही.

कागद गुडघ्यावर धरला आणि ओळीपुढे लाल पेन्सिलीने लिहिलं. पास.